मागच्या खिशातला इरिडियम: नुएवा आल्देआच्या जखमेचं पूर्ण प्रकरण

१५ डिसेंबर २००५ ची गोष्ट. चिली देशात नुएवा आल्देआ इथे सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाच्या लगद्याच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं. अशा साइटवर पाइपांचे वेल्डिंग जॉइंट तपासायला गॅमा रेडिओग्राफी करतात, आपल्याकडे त्याला नुसतं आरटी म्हणतात, आणि त्यासाठी इरिडियम १९२ चा सोर्स, म्हणजे किरण सोडणारा धातूचा बारीक तुकडा, वापरतात. हा सोर्स उपकरणातून सुटला आणि साइटवरच पडून राहिला, कोणाच्या लक्षात आलं नाही. २७ वर्षांच्या एका कामगाराला ती छोटीशी धातूची वस्तू दिसली, त्याने ती हातानेच उचलली आणि पँटच्या मागच्या खिशात टाकली. काय आहे हे त्याला माहीत असायचं काही कारणच नव्हतं, कारण ती ना गरम लागत होती, ना चमकत होती, ना तिचा वास येत होता. खिशात ती फार वेळ नव्हती, मिनिटांचाच हिशोब आहे, तास नाही.

सोर्सची ताकद होती ३.३ टेराबेक्वेरेल, जुन्या भाषेत साधारण ९० क्युरी. त्या काही मिनिटांत खिशाखालच्या कातडीला, जखमेच्या अगदी मध्यबिंदूला जो डोस गेला तो नंतर हिशोब करून काढला, तो निघाला २००० ग्रे. हा आकडा केवढा ते कळायला बाकीचे आकडे शेजारी ठेवायला हवेत. कातडी तात्पुरती लाल व्हायला २ ग्रे पुरतात, केस गळायला ३, नीट दिसणारी लाली यायला ६, कातडी कोरडी होऊन सोलवटायला १४, पाणी सुटून ओली सोलवटायला १८ आणि व्रण पडायला २४ च्या आसपास. इथे २०००.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय कारण किरणांची जखम बरी का होत नाही आणि बरी करायची तर नेमकं काय बदलावं लागतं, हे या एका माणसाच्या उपचारात जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं क्वचितच कुठे दिसतं. नर्सिंगवाले, एनडीटीवाले (म्हणजे वस्तू न तोडता जॉइंट तपासणारे), रेडिओथेरपीचे पेशंट घरात असलेले, सगळ्यांना याचा काही ना काही उपयोग आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गैरसमज काढून टाकूया. किरणांनी भाजलं म्हटलं की डोळ्यासमोर उकळतं पाणी, तापलेला तवा असलं काहीतरी येतं, पण इथे उष्णता जवळपास नाहीच. एक ग्रे म्हणजे एका किलो पेशीजालात एक ज्यूल ऊर्जा. म्हणजे २००० ग्रे म्हणजे किलोला २००० ज्यूल. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४२०० ज्यूल लागतात. भागाकार करून बघा, त्या कामगाराच्या कातडीचं तापमान किरणांमुळे फार तर अर्ध्या अंशाने वाढलं असेल, तेही अगदी मध्यावर. त्याला चटका बसला नाही, बसणं शक्यच नव्हतं. नुकसान उष्णतेने झालं नाही, ते झालं पेशीच्या आत, डीएनएमध्ये. गॅमा किरण पेशीतल्या पाण्यातून जाताना त्या पाण्याचे तुकडे करतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतात, ते आणि काही प्रमाणात किरण स्वतः, मिळून डीएनएच्या दोन्ही पट्ट्या एकाच जागी तोडतात. एक पट्टी तुटली तर पेशी दुसरीवरून बघून जोडून घेते, दोन्ही तुटल्या की जोडणं अवघड आणि चुकीचं जोडलं जायची भीती मोठी. आणि तुटक्या डीएनएची पेशी लगेच मरतेच असं नाही, बऱ्याच पेशी तशाच जगत राहतात आणि पुढच्या वेळी विभागायला गेल्या की मरतात.

म्हणून वेळ लागतो. कातडीचा वरचा थर म्हणजे एपिडर्मिस, त्याच्या तळाशी बेसल पेशींचा एक थर असतो, तिथे नव्या पेशी तयार होतात आणि वर सरकत सरकत काही आठवड्यांनी झडून जातात. किरण लागले की तळातल्या विभागणाऱ्या पेशी बाद होतात पण वरच्या, आधीच तयार झालेल्या पेशी आपापलं आयुष्य पुरं करतात. रोपवाटिका उपटून टाकलीय पण शेतातलं पीक अजून उभं आहे, तसं. बघणाऱ्याला शेत हिरवंच दिसतं. मध्यम डोस असेल तर माणूस दोन-तीन आठवडे ठणठणीत, कातडी जवळपास नॉर्मल, आणि मग एकाएकी सोलवटायला लागते. डोस जितका जास्त तितका हा मधला शांत काळ आखूड. हजारात ग्रे असले तर लाली काही तासांतच येते, फोड काही दिवसांतच, आणि मधोमध मांस काळं पडायला लागतं.

आता मागच्या खिशात मध्यावर २००० ग्रे, पण त्याच ढुंगणावर चार बोटं बाजूला किती? इथेच या प्रकरणाची सगळी किल्ली आहे. सोर्स अगदी छोटा, काही मिलिमीटरचा. अशा बिंदूसारख्या सोर्सचा डोस अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे अंतर दहापट केलं की डोस शंभरावा भाग. सोर्स कापडातून कातडीपासून अर्धा सेंटिमीटर धरला आणि तिथे २००० ग्रे धरले, तर पाच सेंटिमीटरवर साधारण २० ग्रे उरतात. (हा माझा ढोबळ हिशोब आहे, मांसात किरण शोषले जातात, माणूस हालचाल करतो, ते सगळं धरलेलं नाही.) म्हणजे हातभर नाही, तर वीतभरसुद्धा नाही एवढ्या जागेत एका टोकाला मेलेलं मांस आणि दुसऱ्या टोकाला जगू शकेल असं मांस, आणि मध्ये कुठेही रेघ नाही. वरून बघून सर्जनला कळणार नाही की कुठपर्यंत कापायचं.

तव्याने भाजलं तर काही दिवसांत कडा स्पष्ट होतात. मेलेलं ते मेलेलं, जिवंत ते जिवंत. प्लास्टिक सर्जन मेलेलं काढतो, खाली रक्त येणारा ताजा थर दिसला की त्यावर मांडीची कातडी लावतो, काम होतं. किरणांच्या जखमेत हा नियम फसवतो. ताजं रक्त येणारा, गुलाबी दिसणारा थरसुद्धा १५-२० ग्रे खाऊन बसलेला असू शकतो आणि तो दोन महिन्यांनी मरणार असतो. त्यावर ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून काढलेली कातडी, लावला तर ग्राफ्टही जातो.

का जातो, हे नीट समजून घ्यायला साधी जखम कशी भरते ते जरा बघावं लागेल. विळीने बोट कापलं. पहिलं काम प्लेटलेटचं, त्या गुठळी करतात आणि ग्रोथ फॅक्टर सोडतात. काही तासांत न्यूट्रोफिल येतात, जंतू मारतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज येतात, कचरा खातात आणि आता बांधायला घ्या असा निरोप देतात. मग फायब्रोब्लास्ट येऊन कोलॅजेन विणतात, शेजारच्या केशवाहिन्यांतून नवे फाटे फुटतात, लालसर दाणेदार मांस भरतं त्याला ग्रॅन्युलेशन म्हणतात, कडेच्या आणि केसांच्या मुळांतल्या केराटिनोसाइट, म्हणजे कातडीच्या वरच्या थराच्या, पेशी त्यावरून सरकत येतात आणि जखम झाकली जाते. नंतर महिनोनमहिने व्रणाची डागडुजी चालते.

यात एक गोष्ट बघा, मला ती फार महत्त्वाची वाटते. प्लेटलेट, न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज हे सगळे बाहेरून येतात, रक्तातून, मूळ अस्थिमज्जेतून. त्या कामगाराला डोस मुख्यतः ढुंगणाला गेला होता, बाकीच्या शरीराला अंतरामुळे खूपच कमी, म्हणजे त्याची बाकीची मज्जा काम करत होती. म्हणजे ही सगळी मंडळी वेळेवर हजर. पण पुढचं काम करणारे, फायब्रोब्लास्ट, केशवाहिन्यांच्या अस्तराच्या एंडोथेलियल पेशी, केराटिनोसाइट, केसांच्या मुळातल्या स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी, हे सगळे तिथलेच रहिवासी. तेच मेलेले किंवा म्हातारे झालेले. म्हातारे म्हणजे खरोखर, पेशी जगते पण विभागत नाही आणि उलट दाह वाढवणारी रसायनं सोडत बसते. म्हणजे किरणांच्या जखमेत लढणारे येत राहतात आणि बांधणारा कोणी नसतो. सूज आहे, दाह आहे, भयानक दुखतंय, आणि जखम एक मिलिमीटर पुढे सरकत नाही.

त्यात रक्तवाहिन्यांचं दुखणं वेगळंच. एंडोथेलियल पेशी सावकाश विभागतात म्हणून त्यांचं मरणंही सावकाश, आठवडे, महिने. वाहिनीचं अस्तर सुजतं, फुटतं, आत गुठळ्या होतात, भिंत जाड होते, पोकळी बारीक होते. रक्त कमी, ऑक्सिजन कमी. आणि किरणांनी आणखी एक करून ठेवलेलं असतं, कातडीत टीजीएफ बीटा नावाचं प्रथिन झोपलेल्या अवस्थेत साठवलेलं असतं ते जागं होतं. हे साध्या जखमेतही लागतं, पण थोडं आणि थोडा वेळ. इथे ते चालूच राहतं, फायब्रोब्लास्टचं मायोफायब्रोब्लास्ट करतं, ते बेसुमार कोलॅजेन ओततात, मांस टणक होतं, त्या टणक मांसात उरलेल्या वाहिन्या आणखी आवळल्या जातात, ऑक्सिजन आणखी कमी, त्यामुळे टीजीएफ बीटा आणखी. असं ते गोल गोल फिरत राहतं. म्हणून किरणांची जखम एकदाच होऊन थांबत नाही, ती लाटांनी येते. सगळं शांत झालं असं वाटतं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा लाल, पुन्हा दुखणं, पुन्हा कडेचं मांस काळं.

हे लाटांचं येणं नवीन शोध नाही. खिशाचा योगायोगही जुनाच आहे, हेन्री बेक्वेरेलने रेडियमची नळी बंडीच्या खिशात ठेवली होती आणि त्याच्या अंगावर काही दिवसांनी चट्टा उठून मग जखम झाली, पियेर क्युरीने तर मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम बांधून बघितलं, आणि दोघांनी मिळून १९०१ मध्ये ते छापलं. तेव्हाच दिसलं होतं की जखम उशिरा उठते आणि भरायला साध्या जखमेपेक्षा फार जास्त दिवस घेते. आत काय चाललंय ते कळायला मात्र पुढचं अख्खं शतक लागलं.

तर नुएवा आल्देआचा हा कामगार. चिलीने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे मदत मागितली आणि त्याला फ्रान्सला, पॅरिसजवळच्या क्लामार इथल्या पर्सी लष्करी हॉस्पिटलला नेलं. पर्सीला आधीचा अनुभव होता, वाईट अनुभव म्हणावा लागेल. १९९९ मध्ये पेरूतल्या यानांगो इथे एका वेल्डरने असाच इरिडियमचा सोर्स मागच्या खिशात ठेवला होता, तो १.३७ टेराबेक्वेरेलचा, म्हणजे चिलीच्या निम्म्याहूनही कमी, पण तो कित्येक तास खिशात राहिला. त्या माणसाचा पाय शेवटी कापावा लागला. सोर्स लहान पण वेळ जास्त, आणि किरण खोल मांडीत गेलेले. जुनी पद्धत अशीच होती, मेलेलं दिसलं की कापा, ग्राफ्ट लावा, ग्राफ्ट गेला की पुन्हा कापा, आणखी कापा. सर्जन कायम लाटेच्या मागे धावतोय. यात सर्जनची चूक नाही, त्याच्याकडे दुसरं काही साधनच नव्हतं.

चिलीच्या पेशंटला त्यांनी हे उलटं केलं. कापायच्या आधी फ्रान्सच्या किरणसुरक्षा संस्थेच्या, आयआरएसएनच्या भौतिकशास्त्रज्ञांना बसवलं. पेशंटचे स्कॅन घेतले, त्यावरून कॉम्प्युटरमध्ये त्याच्याच शरीराची आकृती केली, सोर्स कुठे होता, किती वेळ होता, किती ताकदीचा होता ते घातलं, आणि मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे एकेक किरण सोडून तो कुठे आदळेल याची शक्यता मोजत मोजत, आत प्रत्येक ठिकाणी किती ग्रे गेले त्याचा नकाशा काढला. मध्यावर २०००, आणि बाहेर, आत, खाली झपाट्याने उतरत जाणारी वर्तुळं. मग ठरवलं की साधारण २० ग्रेच्या वर्तुळाच्या आतलं, म्हणजे २० ग्रे किंवा त्याहून जास्त खाल्लेलं, सगळं काढायचं. ते दिसायला कसंही असो.

हे लिहायला सोपं आहे पण ऑपरेशन टेबलवर उभं राहून जरा विचार करा. १० सेंटिमीटर व्यासाचा गोळा काढायचा, आणि त्यातलं कडेचं मांस दिसायला चांगलं आहे, रक्त येतंय, नॉर्मल स्नायू आहे. कुठलाही सर्जन आयुष्यभर शिकलेला असतो की चांगलं मांस वाचवा. इथे त्याला कागदावरच्या एका आकड्यावर विश्वास ठेवून चांगलं दिसणारं मांस कापायचं होतं. ते त्यांनी केलं, अपघाताला साधारण तीन आठवडे झाले असताना, म्हणजे पहिली लाट पूर्ण फुटायच्या आत. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात मोठी गोष्ट हीच वाटते. पुढे त्याला ज्या स्टेम सेल टोचल्या त्यांची बातमी झाली, ती होणारच, पण माझ्या मते पाया रचला तो या नकाशाने.

ग्राफ्टचा मुद्दा इथे पुन्हा येतो. मांडीवरून काढलेली पातळ कातडी जखमेवर ठेवली की पहिले एक-दोन दिवस ती खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, स्वतःचं रक्त तिला नसतं. मग खालच्या थरातल्या केशवाहिन्या तिच्यातल्या रिकाम्या वाहिन्यांना जाऊन जुळतात, नवे फाटे फुटतात, आणि चार-पाच दिवसांत ती गुलाबी होते. म्हणजे ग्राफ्टचं सगळं जगणं खालच्या एंडोथेलियल पेशींवर. त्या पेशींनी किरण खाल्लेले असतील तर वरची कातडी कितीही निरोगी असो, ती सडणार. म्हणून आधी तळ निरोगी पाहिजे, आणि तळ निरोगी आहे की नाही हे डोळा सांगत नाही, नकाशा सांगतो.

तरीही लाट आलीच. पहिल्या मोठ्या कापणीनंतर काही आठवड्यांनी कडेला पुन्हा मांस मरायला लागलं. का, तर २० ग्रेच्या बाहेर म्हणजे शून्य नाही, तिथे १०-१५ ग्रे खाल्लेलं मांस होतंच, आणि ते शेजारच्या दाहात, रक्त कमी पडल्यावर, तग धरू शकलं नाही. नकाशा डोस सांगतो, त्या डोसला तुमचं मांस नेमकं कसं वागेल ते सांगत नाही. शिवाय ही जागा ढुंगणाची, बसण्याचा दाब, पलंगावर पडण्याचा दाब, संडासाची जागा जवळ म्हणून जंतूंची भीती. ड्रेसिंग करणाऱ्या नर्सना विचारा, या जागेची साधी जखमसुद्धा किती छळते ते. पण एक फायदाही होता, तिथे मांस भरपूर असतं. हीच वस्तू मुठीत घट्ट धरून ठेवली असती तर १० सेंटिमीटर काढायला जागाच नव्हती, बोटं गेली असती.

जुन्या पद्धतीत इथून पुन्हा तेच चक्र सुरू झालं असतं. पर्सीने इथे दुसरी गोष्ट आणली. पेशंटच्याच अस्थिमज्जेतून, जिथे किरण फारसे पोचले नव्हते तिथून, मेसेन्कायमल स्टेम सेल नावाच्या मूळ पेशी काढल्या. मज्जेत या पेशी अगदीच थोड्या असतात, त्यामुळे तशाच टोचून उपयोग नाही, त्या प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात. एरवी पेशी वाढवायला वासराचं सीरम वापरायची पद्धत, पण माणसाला परत टोचायच्या पेशी गुराच्या प्रथिनांत वाढवणं बरं नाही, म्हणून त्यांनी माणसाच्या प्लेटलेट फोडून काढलेला अर्क वापरला. प्लेटलेट का, तर जखमेत पहिल्यांदा ग्रोथ फॅक्टर सोडणाऱ्या त्याच, म्हणजे जो निरोप जखमेत मिळायला हवा तोच बाटलीत दिला. वाढवण्याचं काम बंद पिशव्या-उपकरणांत, बाहेरची हवा न लागू देता. मग मेलेलं आणि टणक झालेलं मांस दुसऱ्यांदा काढलं आणि त्याबरोबर या कोट्यवधी पेशी जखमेच्या तळात आणि कडेत इंजेक्शनने टोचल्या.

इथे लोकांची एक समजूत असते की स्टेम सेल टोचल्या म्हणजे त्यांचीच नवी कातडी बनली. तसं नाही. टोचलेल्या पेशी तिथे फार काळ टिकतातच असं नाही, आणि कातडी त्यांच्यापासून बनत नाही. त्या काय करतात तर रसायनं सोडतात. नव्या केशवाहिन्या फुटायला लावणारी, शेजारच्या अर्धमेल्या पेशींना तगवणारी, मॅक्रोफेजना आता लढाई पुरे, दुरुस्तीला लागा असं सांगणारी. पर्सीच्या डॉक्टरांनीसुद्धा या पेशी पोषक रसायनांचा स्रोत म्हणूनच वापरल्या होत्या, कातडीचा कच्चा माल म्हणून नाही. वर लिहिलं ना की लढणारे बाहेरून येतात आणि बांधणारे तिथलेच असतात, मग बांधणाऱ्यांना चालना देणारं कोणीतरी बाहेरून आणून तिथे बसवणं, एवढंच या उपचाराचं तत्त्व. मला ते फार पटतं, कारण ते जिथे साखळी तुटलीय नेमकं तिथेच हात घालतं.

निकाल काय लागला? दुखणं कमी झालं. किरणांच्या जखमेचं दुखणं हे वेगळंच प्रकरण असतं, मॉर्फिनलाही नीट न ऐकणारं, त्यामुळे दुखणं जाणं ही जखम भरण्याइतकीच मोठी बातमी. जखम भरत गेली आणि ११ महिने त्याच्यावर लक्ष ठेवलं त्या काळात दाहाची नवी लाट आली नाही. २००७ मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आता यावरून काय म्हणता येतं आणि काय नाही ते स्पष्ट लिहायला हवं, कारण स्टेम सेलच्या नावावर आपल्याकडे किती दुकानं चालतात हे सगळ्यांना माहितीय. हा एक पेशंट. त्याला नकाशा बघून केलेली कापणी, दुसरी कापणी, ग्राफ्ट आणि पेशी, हे सगळं मिळालं. यातल्या कशाचा किती वाटा ते एका माणसावरून वेगळं काढता येत नाही. पेशी न देता नुसती दुसरी कापणी केली असती तर? सांगता येत नाही, शेजारी तुलनेला दुसरा पेशंट नव्हता आणि अशा अपघातांत तो कधीच नसतो. पण त्यानंतर त्याच मंडळींनी दंडावर जखम असलेल्या दुसऱ्या एका अपघातग्रस्तावर हे केलं, त्याच्यावर आधी कापणी, ग्राफ्ट, पाठीच्या स्नायूचा फ्लॅप (म्हणजे स्वतःच्या रक्तवाहिन्यांसकट आणून बसवलेला मांसाचा तुकडा), हाताचा फ्लॅप, सगळं करून झालं होतं आणि सगळं फसलं होतं. त्याला पाच वेळा पेशी दिल्या, त्यासाठी तीनदा मज्जा काढली, आणि प्रत्येक वेळेनंतर रक्तातलं सीआरपी, म्हणजे दाह मोजायचं प्रथिन, खाली आलं. ८ महिने लाट नाही. सीआरपी दर वेळी पेशी दिल्यावर उतरणं हा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो, कारण तिथे तोच माणूस स्वतःच्याच आधीच्या अवस्थेशी ताडून बघता येतो.

रेडिओथेरपी घेणाऱ्यांनी हे वाचून घाबरू नये, हे मुद्दाम लिहितो. तिथेही एकूण बेरीज ५० ग्रे किंवा त्याच्याही पुढे जाते, पण रोज २ ग्रेच्या आसपास, आठवड्यातून पाच दिवस, आणि बरेचदा कातडीला पूर्ण डोस पोचतही नाही. दोन डोसांच्या मधल्या तासांत निरोगी पेशी डीएनए जोडून घेतात. कातडी लाल होते, काळवंडते, कधी काखेत किंवा स्तनाखालच्या घडीत ओली सोलवटते, ते बहुतेकदा काही आठवड्यांत भरतं कारण तळातल्या सगळ्या स्टेम सेल मेलेल्या नसतात. पण वर्षानुवर्षांनी त्या भागावर ऑपरेशन करायची वेळ आली, किंवा जबड्यातला दात काढायची, तर सर्जनला मी इथे रेडिएशन घेतलंय हे आधी सांगा. बाहेरून बरं दिसणाऱ्या त्या कातडीखाली रक्तवाहिन्या कमी आणि कोलॅजेन जास्त असतं, टाके घातलेली जखम तिथे हट्टाने उघडी राहू शकते.

आणि आपल्याकडच्या साइटवाल्यांसाठी. इरिडियमचे कॅमेरे, म्हणजे सोर्स ठेवायची ती उपकरणं, महाराष्ट्रात रोज चालतात, रिफायनरी, बॉयलर, पाइपलाइन सगळीकडे, सोर्स वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेकडून येतात, नियम मुंबईच्या एईआरबीचे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचे, आहेत आणि ते चांगले आहेत. शूट, म्हणजे फिल्म काढणं, झाल्यावर किरण मोजणारा सर्व्हे मीटर घेऊन कॅमेऱ्यापर्यंत चालत जाणं आणि सोर्स आत आलाय याची खात्री करणं, एवढ्याने नुएवा आल्देआ टळलं असतं. अंगाला लागलेला डोस मोजणारा टीएलडी बॅज रेडिओग्राफरच्या छातीवर असतो, हेल्परच्या आणि वेल्डरच्या नसतो, आणि वस्तू सापडते ती बहुतेकदा त्यांनाच. चिलीत तो कामगार होता, पेरूत वेल्डर. साइटवरच्या प्रत्येक माणसाला, झाडू मारणाऱ्यालासुद्धा, सोर्सचा फोटो दाखवून ठेवायला पाच मिनिटं लागतात.

कधी असं घडलंच तर पहिल्या काही तासांत कोणीतरी वहीत लिहून ठेवायच्या गोष्टी या: सोर्स त्या दिवशी किती क्युरीचा होता (इरिडियम दर ७४ दिवसांनी निम्मा होतो, त्यामुळे खरेदीचा आकडा चालत नाही), कोणत्या खिशात होता, खिशात पाकीट किंवा मोबाइल मध्ये होता का, कापड किती पदरी होतं, माणूस उभा होता की बसलेला, किती वाजता उचलला आणि किती वाजता टाकला, हाताने कोणत्या बोटांनी धरला, मध्ये कोणाच्या हातात दिला. ती पँट धुवायची नाही, टाकायची नाही. त्या भागाचे रोज फोटो काढायचे, शेजारी मोजपट्टी धरून. कातडी बरी दिसतेय म्हणून घरी पाठवायचं नाही. पुढे तीन आठवड्यांनी सर्जन ज्या नकाशावर सुरी ठेवणार असतो, तो याच वहीतल्या आकड्यांवरून काढलेला असतो.